पांढरे डाग आणि बिनजोडीचे सिस्टीन

आत्याच्या मेंदूच्या एमआरआयच्या पहिल्या अहवालात लिहिले होते की श्वेतद्रव्यातील, म्हणजे मेंदूच्या आतल्या भागातील मज्जातंतूंच्या थरातील, पांढरे डाग वयोमानानुसार असू शकतात, आणि आम्ही ते मान्य करून मोकळे झालो. साठीनंतर असे डाग बहुतेकांच्या मेंदूत थोडेफार दिसतात, हे खरेच आहे. आत्याचे वय मात्र 49 होते, रक्तदाब बेताचा होता आणि मधुमेह नव्हता. दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी आधी चित्रे पाहिली आणि मग घराण्याची चौकशी केली. डाग कानशिलाजवळच्या खंडाच्या पुढच्या टोकापर्यंत पोहोचले होते, जे केवळ वयामुळे सहसा होत नाही. आत्याला तरुणपणापासून अर्धशिशी होती आणि ती सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकत. आजोबांना पन्नाशीतच अर्धांगवायूचा झटका आला होता. 'आजोबांचे बीपी' हे आमच्या घरातले ठरलेले उत्तर. ते बीपी कोणी कधी मोजले होते, हे मात्र कोणालाच आठवेना.

जनुकीय तपासणीत निदान झाले ते कॅडासिलचे, म्हणजे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या एका आनुवंशिक आजाराचे. हे नाव 1993 मध्ये रूढ झाले. त्याच वर्षी पॅरिसमधील एलिझाबेथ तूर्निए-लासेर्व्ह यांच्या गटाने या आजाराचा माग 19 व्या गुणसूत्रापर्यंत काढला आणि 1996 मध्ये त्यामागचे नॉच-3 हे जनुक सापडले. 'नॉच' म्हणजे खाच. जनुकांच्या या कुळाला ते नाव पडले फळमाशीच्या पंखाच्या कडेवरील खाचेमुळे.

बिघाड कसा होतो, ते मला विलक्षण वाटते. नॉच-3 चे प्रथिन मेंदूतील बारीक धमन्यांच्या भिंतींतील स्नायुपेशींवर असते. त्याच्या पेशीबाहेरील भागात एकाच घडणीचे 34 तुकडे ओळीने येतात आणि प्रत्येकात सिस्टीन या अमिनो आम्लाचे सहा रेणू तीन जोड्या बांधून तुकड्याचा आकार टिकवतात. उत्परिवर्तनामुळे, म्हणजे जनुकातील बदलामुळे, सहाचे पाच किंवा सात झाले की एक सिस्टीन जोडीविना उरते. अशा प्रथिनांचे पुंजके भिंतीत साचतात, स्नायुपेशी हळूहळू नष्ट होतात, आणि खोलवरच्या श्वेतद्रव्याला होणारा रक्तपुरवठा खालावतो. हेच साठे त्वचेतील रक्तवाहिन्यांतही आढळतात, म्हणून त्वचेचा लहानसा तुकडा तपासूनही निदानाला आधार मिळतो.

जनुकीय माहितीच्या मोठ्या संग्रहांत असे बदल सुमारे 300 व्यक्तींमागे एका व्यक्तीत आढळले, म्हणजे ते वाहणाऱ्या अनेकांना आजार सौम्य असतो किंवा फार उशिरा जाणवतो. पहिल्या सहा तुकड्यांतील बदल सामान्यतः अधिक तीव्र ठरतात. धूम्रपान आणि उच्च रक्तदाब यांनीही फरक पडतो. मूळ आजारावर आज उपचार नाही, आणि म्हणूनच लक्षणे नसलेल्या माणसाने तपासणी करावी का, हा प्रश्न अवघड होतो.

आजार पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक अपत्याबाबत निम्मी असते. आजोबांकडून तो आला असेल, तर बाबांनाही तेवढीच आणि मला त्याच्या निम्मी. बाबांना तपासणी नको आहे. मी केली आणि तिच्यात हा बदल सापडला, तर त्यांचेही उत्तर त्यांनी न विचारता त्यांना मिळेल. समुपदेशकांनी हे समजावल्यावर मी रक्ताचा नमुना न देताच परत आलो.