इंटर्नशिपमध्ये डिव्हिजन बदलताना: एकोणीस दिवस एका रकान्यात

जानेवारी २०२४ मध्ये मला मुंबईतल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. विभाग ऑपरेशन्स. मी गोव्यातल्या डिचोलीची, बाबांचं हार्डवेअरचं दुकान, घरात या क्षेत्रातलं कुणीच नाही. काम सौदे जुळवण्याचं होतं: आपल्याकडचा आकडा आणि कस्टोडियनकडचा (ग्राहकांचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडचा) आकडा एकच आहे ना हे बघायचं, नसेल तर वेळेच्या आत फोन करून निस्तरायचं. जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे सगळ्या शेअर्सचं सेटलमेंट टी प्लस वन आहे, म्हणजे आजचा सौदा उद्या पुरा, त्यामुळे दुपारनंतर मान वर करायला सवड नसे. काम चांगलं होतं, पण माझा जीव कंपन्यांच्या ताळेबंदात. मला रिसर्चमध्ये जायचं होतं, म्हणजे कंपन्यांचा अभ्यास करून त्यांच्या शेअरवर मत देणाऱ्या विभागात.

रिसर्च टीमला माणूस हवाय हे कॅन्टीनमध्ये कळलं. आधी माझ्या मॅनेजरना विचारलं (हे कधीही उलट करू नका; त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर विषय तिथेच संपतो). रिसर्चच्या मॅडमनी एका सिमेंट कंपनीचं मॉडेल (पुढच्या कमाईच्या अंदाजांचं एक्सेल) करायला दिलं, ते शनिवार-रविवारात केलं, त्यांचा होकार आला, एचआरनेही लगेच नाव पुढे पाठवलं. आता फक्त कंप्लायन्सची, म्हणजे नियम पाळले जातात ना हे बघणाऱ्या विभागाची, मंजुरी राहिली होती.

रिसर्चला नियम कडक का, ते आधी सांगते. रिसर्चचं मत बाहेर पडलं की शेअरची किंमत हलू शकते. म्हणून तिथे बसणाऱ्याला स्वतःची आणि घरच्यांची डिमॅट खाती (शेअर ठेवायची खाती) कंप्लायन्सच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये उघड करावी लागतात. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार) रोखणाऱ्या नियमांत जवळचे नातेवाईक म्हणजे जोडीदार, शिवाय आईवडील, भावंडं, मुलं यांपैकी जे आपल्यावर पैशाने अवलंबून आहेत किंवा शेअरच्या व्यवहारात आपला सल्ला घेतात ते. बाबा माझ्यावर अवलंबून नाहीत, पण वर्षभर कुठलाही शेअर घेण्याआधी ते मला फोन करत होते. तेव्हा त्यांचं खातं लिहिणं भागच होतं. लिहिलं.

फॉर्मचा पुढचा रकाना: ‘या होल्डिंगमध्ये (खात्यातल्या शेअर्समध्ये) अन्य कुणाचा आर्थिक हक्क आहे का?’ मी लिहिलं, होय, आई, ५० टक्के. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ५अ याच्यासाठीच होतं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. आमच्याकडे दुकानाचा नफा, डिव्हिडंड, सगळं असंच वाटलं जातं.

‘होय’ म्हटल्याबरोबर पोर्टलने आईचा डिमॅट क्रमांक मागितला. आईचं डिमॅट खातंच नाही. रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे जाईना. ‘लागू नाही’ लिहिलं तर फक्त अंक चालतील म्हणे. बाबांचाच क्रमांक टाकला तर लाल अक्षरांत ‘हा क्रमांक आधीच नोंदलेला आहे’.

कंप्लायन्सला मेल केला. उत्तर आलं, मग हक्क नाही असं लिहा. कसं लिहू? रिटर्नमध्ये निम्मं तिचं आहे, आणि मी बँकेला लिहून देऊ की नाही? दुसऱ्या मेलला दुसऱ्या माणसाचं उत्तर, जॉइंट खात्याचं स्टेटमेंट पाठवा. खातं जॉइंट नाही, हे मी आदल्याच मेलमध्ये लिहिलं होतं. तिसऱ्याने काही न विचारता तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद केली. दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून गोवा समजावून सांगणं. तोवर रिसर्चच्या फोल्डरला हात लावायची परवानगी नाही. सहा महिन्यांतले एकोणीस दिवस असे गेले, याचा राग मला अजून आहे. खरं लिहिणाऱ्याला अडवणारा आणि खोटं लिहिलं की पुढे सोडणारा फॉर्म कंप्लायन्सच्या कामाचा नाही.

होळीच्या सुट्टीत कोकणकन्येने थिवीला उतरले. म्हापशाच्या आमच्या सीएंनी एका वाक्यात सोडवलं: रिटर्नमधलं शेड्यूल ५ए (त्याच निम्म्या-निम्म्या वाटणीचा तक्ता) जोड आणि आईचं सहीचं पत्र दे. जेवणाच्या टेबलावर पत्र लिहिलं. आईने चष्मा लावून दोनदा वाचलं, सही केली आणि विचारलं, “निम्मं माझं आहे, ते लिहायला एवढं काय गं?”

मुंबईत परतल्यावर मेल केलाच नाही, थेट कंप्लायन्सला फोन लावून म्हटलं, मला माणसाशी बोलायचंय. फोनवर आलेल्या अधिकाऱ्यांनी कागद वाचले, दोन प्रश्न विचारले आणि नोंद हाताने करून टाकली. दहा मिनिटं. तेव्हा दोन मेलनंतर फोन कराच.

डिमॅटचं एकत्रित स्टेटमेंट पॅन हा पासवर्ड टाकून उघडतं. पासवर्ड काढून मगच अपलोड करा, नाहीतर तेही परत येतं. एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) रिसर्च ॲनालिस्ट परीक्षा मी आधीच दिली होती, मॅडमनी पहिला प्रश्न त्याचाच विचारला. आणि समर इंटर्नशिप दोन महिन्यांची असेल तर या वाटेला जाऊ नका, मंजुरी येईपर्यंत ती संपलेली असेल.

सगळ्यात महत्त्वाचं, घरी आधी सांगा. एकदा खातं नोंदलं की आमच्या बँकेत प्रत्येक खरेदी-विक्रीला पूर्वपरवानगी लागते आणि घेतलेला शेअर तीस दिवस विकता येत नाही. बाबांना पावसाआधी दुकानाचं छप्पर करायला शेअर विकून पैसे हवे होते, तर परवानगी आल्याच्या माझ्या फोनची वाट बघत ते दोन दिवस थांबले. कुरकुर केली नाही, पण मी त्यांना आधी सांगायला हवं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंजुरीचा मेल आला. खातं एक, नावं दोन, आईच्या नावापुढे ५० टक्के. मी तो तिला पाठवला. तिने दुकानातून प्रिंट काढून आणली आणि बाबांच्या डिमॅटच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावली.