आगळाच्या बाटलीला नाव मिळेपर्यंत

मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी दर मे महिन्यात आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, होतं. रातांबे (कोकमाची फळं) फोडायचे, बिया काढायच्या, सालींना मीठ लावून बरणीत भरायचं. पाहुणे बाटल्या मागून न्यायचे, म्हणून शेवटी विकायचंच ठरवलं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) घरबसल्या फुकट झाली, अन्न परवान्यालाही त्रास झाला नाही. अडलं ते नावापाशी. त्यात माझे आठ महिने गेले आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मी नाव धरलं होतं ‘शुद्ध मालवणी आगळ’. तालुक्याच्या गावी एक सल्लागार ट्रेडमार्कची, म्हणजे मालाचं नाव आपल्या मालकीचं म्हणून नोंदवायची, कामं करतो. नाव ऐकून तो “एकदम मस्त” म्हणाला, सरकारी फी ४,५०० आणि स्वतःचे ३,००० घेतले. त्याच आठवड्यात मी कुडाळहून दोन हजार लेबलं छापून आणली. एवढी घाई कोणी करू नका.

मग वाट बघणं आलं. फोन केला की उत्तर ठरलेलं, “साइट स्लो आहे, काम चालू आहे.” चार वेळा एसटीने गेले. तीनदा कुलूप. चौथ्यांदा भेटला तेव्हा मी हटून बसले आणि अर्जाचा नंबर लिहून घेतला. हा नंबर पहिल्याच दिवशी मागायला हवा होता. पावती हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठूच नका.

भाच्याने नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला. पुढे शब्द आला, ‘अबॅन्डन्ड’. म्हणजे अर्जदाराने सोडून दिलेला. मी कुठे सोडला होता?

कागद उघडल्यावर उलगडा झाला. परीक्षण अहवाल, म्हणजे अर्ज तपासून कार्यालयाने कळवलेली हरकत, कधीचाच येऊन गेला होता. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडला असं धरतात. अर्जात ईमेल मात्र माझा नव्हता, त्या सल्लागाराचा होता. त्याने उत्तर दिलं नाही आणि मला सांगितलंही नाही. भरलेली फी परत मिळत नाही. त्या रात्री लेबलांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी रडले.

हरकत होती ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ची. ‘शुद्ध’ हा दर्जा झाला, ‘मालवणी’ हे ठिकाण आणि ‘आगळ’ ही तर वस्तूच. असे शब्द एकट्याच्या मालकीचे होत नाहीत, कारण उद्या शेजारणीलाही तिच्या बाटलीवर तेच लिहावं लागणार. कायदा मला पूर्ण पटला. पण हे पाच मिनिटांत सांगता आलं असतं, ते त्या माणसाने सांगितलं नाही. वर ‘सिंधुदुर्ग कोकम’ ठेवा म्हणाला! इथल्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, जसं हापूसला २०१८ मध्ये मिळालं. ते नाव सगळ्या बागायतदारांचं, एका घराचं नव्हे.

नवं नाव सासूबाईंनी दिलं. आमसुलं उलटता उलटता म्हणाल्या, “आमसुला मागीलदारी सुकतत, आगळ मागीलदारीच होता, मगे नाव गावभर कित्या शोधतस?” ‘मागीलदार’, म्हणजे परसदार! ना वस्तूचं नाव, ना गावाचं, आणि तरी आमच्या घराचं.

या वेळी डिजिटल सही काढून अर्ज मीच भरला, ईमेल माझा. आधी दोन दिवस शोध घेतला. नुसतं अक्षरांवरून शोधू नका, उच्चारावरूनही शोधा, कारण कानाला सारखं वाटणारं नावही अडतं. देवनागरी नावाचं रोमन स्पेलिंग आणि इंग्रजी अर्थ अर्जात द्यावा लागतो. अर्जात मालाचा वर्ग क्रमांक लिहावा लागतो, तोही नीट बघा: सुकी फळं, लोणची २९ मध्ये, सरबतं ३२ मध्ये, आणि फी प्रत्येक वर्गाची वेगळी. माझ्यासारख्या एकट्या अर्जदाराला ४,५००, मोठ्या कंपनीला ९,०००. (दुकान काढणार असाल तर पाटी देवनागरीत लागते, तेव्हा नाव मराठीत कसं दिसतं तेही आधीच लिहून बघा.)

‘मागीलदार’ आता ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाच्या पत्रिकेत, छापून आलंय. कोणाची हरकत असेल तर त्याला चार महिने मिळतात. तोवर लेबलावर ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लिहिते. गोलातला ‘आर’, म्हणजे नाव नोंदलं गेल्याची खूण, प्रमाणपत्र येण्याआधी छापू नका, त्याला दंड होऊ शकतो.