तुम्ही विचारलंत म्हणून: स्पीकर चांगले असताना सबवूफर कशाला?

‘स्पीकर चांगले आहेत, गाणं नीट ऐकू येतं, मग सबवूफर कशाला? नुसती धडधडच ना?’ हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचे, खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर. धडधडीसाठी तो मी कुणालाच सुचवत नाही. सुचवतो तो गाणाऱ्याच्या आवाजासाठी.

शेल्फवर मावणाऱ्या स्पीकरचा वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा हलता गोल पडदा, बहुधा ५ इंची असतो आणि ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० कंपनांच्या) आसपास तो थकतो. बंद डब्यात वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला १ मिलिमीटर हलणारा पडदा ४० हर्ट्झला ४ मिलिमीटर हलायला हवा. तेवढी जागा त्याच्याकडे नसते, आणि त्याच पडद्याला त्याच क्षणी गळाही ऐकवायचा असतो. पडदा खर्जाबरोबर हेलकावे खाऊ लागला की शब्द गढूळ होतात. हे ओझं सबवूफरने उचललं की छोटा वूफर मोकळा होतो, अॅम्प्लिफायरवरचा भारही उतरतो.

खर्ज मिळतो तो वेगळाच. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. छोट्या स्पीकरवर तिचे वरचे स्वरच जास्त येतात, मूळ स्वर कान अंदाजाने भरून काढतो. बास गिटारची जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, तिथे तर अंदाजावरच भागवावं लागतं.

मात्र नुसता सबवूफर जोडून स्पीकर मोकळे होत नाहीत. त्यांच्याकडे जाणारा खालचा आवाज कुणीतरी अडवायला हवा. एव्ही रिसीव्हर (टीव्ही आणि सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अॅम्प्लिफायर) असेल तर मेनूमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करा, मग ते कितीही मोठे दिसोत, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे आणि वरचा स्पीकरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झला ठेवा. सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण सर्वात मोठ्या आकड्यापर्यंत फिरवा किंवा ‘एलएफई’वर टाका (म्हणजे सबवूफरचा स्वतःचा क्रॉसओव्हर बाजूला राहतो), नाहीतर रिसीव्हरचा आणि सबवूफरचा असे दोन फिल्टर एकावर एक बसून मध्ये खड्डा पडतो. साध्या स्टीरिओ अॅम्प्लिफायरला सबवूफरची वायर स्पीकरच्याच टर्मिनलवरून दिली तर खर्ज मिळेल, पण स्पीकर पूर्वीइतकेच राबतील. क्रॉसओव्हर (रिसीव्हर असेल तर त्याच्या मेनूमधला) १५० हर्ट्झवर नेऊ नका. पुरुषाचा आवाज कोपऱ्यातल्या डब्यातून यायला लागतो. ८० च्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा ओळखता येत नाही.

खरी गडबड खोली करते. आपल्याकडच्या फ्लॅटमधली १० बाय १२ फुटांची खोली घ्या: १० फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झ घुमतो, १२ फुटांच्या भिंतींमध्ये ४७. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर दोन्हींना फुंकर घालतो आणि एकच सूर दणदणत राहतो. लोक मग सबवूफरला नावं ठेवतात किंवा भिंतीवर पातळ फोम लावतात. त्या फोमचा ५० हर्ट्झवर काहीच परिणाम होत नाही. त्यापेक्षा सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवा, सलग बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत ऐका. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि सुटा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. हे अर्ध्या तासाचं काम महागड्या वायरपेक्षा कितीतरी जास्त देतं. एवढ्या खोलीला १० इंची, बंद डब्याचा सबवूफर पुरतो.

जागा ठरली की ८० हर्ट्झचा सलग सूर लावून खुर्चीत बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी सबवूफरवरचं फेजचं बटण (सबवूफरचा पडदा स्पीकरच्या तालात हलतो की उलटा, हे ठरवणारं) ० आणि १८० मध्ये बदलायला सांगा. मोठं ऐकू येईल ते ठेवा. आवाजाची पातळी मोबाइलवर मोजणार असाल तर अॅप ‘सी’ वेटिंगवर, म्हणजे खालचे स्वर फारसे न वगळणाऱ्या मोजणीवर हवं. ‘ए’वर ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबल कमी दिसतो आणि माणूस बटण वाढवतच सुटतो. शेवटी ओळखीचं गाणं लावा. सबवूफर कुठे आहे ते कळत असेल तर पातळी थोडी उतरवा.

घरघर येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. थांबली तर वाट तिथूनच आहे. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या. सबवूफरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून घरघर घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात शॉक बसायचा धोका आहे.