पाण्याचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं नाही, असं आपल्याकडे म्हणतात, आणि मला वाटतं पाण्याचं सोंग आणणंही जवळपास तितकंच अवघड आहे. हल्ली सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या गोष्टीची हुबेहूब नक्कल करून बघणं, म्हटलं की लोकांना डायरेक्ट कॉम्प्युटर आठवतो, पण पुण्याजवळ खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे ना, १९१६ ची, तिथे अख्खी धरणं आणि बंदरं लहान आकारात बांधून त्यात खरंखुरं पाणी सोडतात.

यातलं गणित मला फार म्हणजे फारच आवडतं. समजा मॉडेल १:१०० चं आहे. लांबी शंभरपट कमी, पण वेग आणि वेळ दहापटच कमी होतात, कारण तिथे वर्गमूळ येतं (हा विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरचा नियम, तो जहाजांची छोटी मॉडेल्स टाकीत ओढून बघायचा, १८७० च्या दशकात). त्यामुळे साडेबारा तासांचं भरती-ओहोटीचं चक्र सव्वा तासात उरकतं आणि विसर्ग तर एक लाखपट कमी होतो (रुंदी शंभरपट, खोली शंभरपट, वेग दहापट), म्हणजे धरणातून लाख क्युसेक सुटले तर काय होईल हे बघायला एक क्युसेक पाणी बास!

पण वाळूपाशी गाडी अडते. वाळूही शंभरपट बारीक केली तर ती वाळू राहतच नाही, चिखल होतो, कण एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून नदीचा तळ कसा सरकतो ते बघायचं असेल तर कोळशाच्या भुकटीसारखं हलकं काहीतरी वापरतात, कारण ते कमी वेगातही वाहतं. खरी वाळू घातली तर उत्तर चुकतं, दुसरंच काहीतरी घातलं तर बरोबर येतं. यात फसवाफसवी काही नाही, कारण कुठे काय बदललंय ते मॉडेल बांधणाऱ्याला पक्कं माहीत असतं आणि समोर उभं राहणाऱ्याला भुकटी डोळ्यांनी दिसते.

कॉम्प्युटर मॉडेलमध्ये ती भुकटी दिसत नाही, माझा मुद्दा तो आहे. आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्यामागच्या हिशोबात पात्राच्या खडबडीतपणाचा एक आकडा असतो, मॅनिंगचा एन. स्वच्छ सरळ पात्राला ०.०३ च्या आसपास, दाट झाडोरा माजला असेल तर ०.१ पर्यंत जातो, आणि एन वाढला की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. मग एवढ्या एका आकड्यावर कोणाचं घर रेषेच्या आत आणि कोणाचं बाहेर हे फिरू शकतं, तर तो आकडा आणि तो कुठल्या जुन्या पुराशी ताडून बघितला ते नकाशावरच, रेषेच्या शेजारी, मराठीत छापायला काय हरकत आहे? नदीकाठी राहणाऱ्या माणसाला आपलं पात्र किती माजलंय ते चांगलं ठाऊक असतं, तो लगेच सांगेल आकडा बरोबर वाटतो की नाही.