कासच्या पठारावर निकॉन डी७५००

साताऱ्याहून कासला डी७५०० कॅमेरा नेणार असाल तर मोठा फायदा वाकणाऱ्या स्क्रीनचा. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचं रोप जेमतेम बोटभर. कॅमेरा जमिनीलगत धरून वरून बघता येतं, चिखलात लोळावं लागत नाही. (फुलं तुडवून आडवे होणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.) पण लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर बघून फोटो काढताना) ऑटोफोकस रेंगाळतो, वाऱ्यात तर फार. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, स्क्रीनवर चित्र मोठं करा आणि कॅमेराच केसभर मागेपुढे सरकवा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद नको. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत बिनधास्त.

धुक्यात कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, फोटो करडा येतो, एक्स्पोजर +०.७ करा.

सेकंदाला ८ फोटो निघतात, पण मेमरी कार्डाचा खण एकच, कार्ड बिघडलं तर दुसरी प्रत नाही. लग्नाच्या कामाला म्हणूनच जीव टांगणीला. कॅमेरा गाडीच्या एसीतून काढल्याबरोबर लेन्सच्या काचेवर वाफ धरते. २० मिनिटं बॅगेतच राहू द्या.