फुगणाऱ्या कॅप्सूल आणि पाण्याची बाजू

गाडीच्या तळाला मारायचं कोटिंग, बुटाचे सोल, टी-शर्टवरची उठावाची छपाई, या सगळ्यांत एक पांढरी बारीक पावडर वापरतात. तिचा एकेक कण म्हणजे प्लॅस्टिकचं बंद कवच, आत आयसोपेंटेनसारखा पटकन उकळणारा द्रव. तापवलं की कवच मऊ पडतं, आतला वायू त्याला बाहेर रेटतो आणि व्यास चौपटीपर्यंत जातो, म्हणजे आकारमान साठपटीच्या वर. थंड झाल्यावर कवच फुगलेलंच राहतं. डाऊ केमिकलला यावरचं पेटंट १९७१ साली मिळालं. संभाजीनगरात पीएचडी करताना मी या कॅप्सूल बनवल्या.

या विषयावर वाचायला बसलं की लक्ष ॲक्रिलोनायट्राइल आणि मिथाइल मेथॅक्रिलेट या, कवचाचं प्लॅस्टिक ज्यांपासून बनतं त्या द्रवांच्या (मोनोमरच्या) प्रमाणाकडेच जातं. हे द्रव आणि आयसोपेंटेन एकत्र करून पाण्यात ढवळतात, त्यांचे थेंब होतात आणि एकेका थेंबाची एकेक कॅप्सूल बनते. माझं मत वेगळं आहे. बॅच जमणार की नाही, हे आधी पाणी ठरवतं.

पॉलिॲक्रिलोनायट्राइल, म्हणजे ॲक्रिलोनायट्राइलपासून बनलेलं प्लॅस्टिक (पॉलिमर), स्वतःच्या मोनोमरमध्ये विरघळत नाही. ते तयार होता होता वेगळं पडतं, थेंबाच्या कडेला सरकतं आणि कवच धरतं. पण मधल्या टप्प्यात थेंब चिकट असतो. दोन थेंब भिडले की जोडले जातात आणि शेवटी रिॲक्टरच्या पात्यावर एकच गोळा मिळतो. म्हणून थेंबाभोवती घन कणांचा थर हवा. शास्त्रज्ञ रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि पिकरिंग यांनी १९०७ मध्ये असे थर नोंदवले. साबणाचा रेणू पृष्ठभागावर येतो-जातो. कण एकदा बसला की सहसा सुटत नाही.

मी आधी कोलॉइडल सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, वापरली. तिथे पीएच आम्लाच्या बाजूला नीट धरावा लागतो आणि सिलिका नंतर कवचावरून निघता निघत नाही. मग मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडकडे वळलो. मॅग्नेशिअम क्लोराइडच्या द्रावणात कॉस्टिक सोडा ढवळत घातला की पांढरा साका तिथेच तयार होतो, आणि शेवटी सौम्य आम्लाने धुऊन जातो. आपल्या बोअरचं पाणी ज्यामुळे जड होतं, त्यातलंच हे मॅग्नेशिअम. तरीही पाणी डिस्टिल्डच घ्यायचं, कारण साका किती आणि किती बारीक हे आपल्या हातात हवं. ढवळणं तेच ठेवून साका वाढवला की थेंब लहान होतात. पाण्यात थोडं सोडिअम नायट्राइटही घालतात, म्हणजे पाण्यात विरघळलेलं मोनोमर तिथेच पॉलिमर होऊन चिखल करत नाही.

आयसोपेंटेन साधारण २८ अंशांना उकळतं. आपल्याकडच्या मे महिन्यात ते उघड्यावर मोजणं शक्यच नाही. बाटली, मेजरिंग सिलिंडर, सगळं बर्फात. मग दाब सोसणारा बंद रिॲक्टर, ६० अंशांच्या आसपास तापमान, आणि रात्रभर न थांबणारं ढवळणं. वीज गेली तर हलके थेंब वर येऊन गर्दी करतात, म्हणून स्टिररला इन्व्हर्टर लागतोच. ॲक्रिलोनायट्राइल विषारी आहे आणि पेट घेतं. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून घेणारं कपाट) आणि जाणता मार्गदर्शक नसेल तर या वाटेला जाऊच नये.

धुऊन वाळवलेली पावडर हॉट-स्टेज मायक्रोस्कोपखाली, म्हणजे नमुना तापवत पाहता येतो अशा सूक्ष्मदर्शकाखाली, ठेवली, तापमान हळूहळू चढवलं. साका कमी पडलेल्या बॅचमध्ये लहान-मोठे कण मिसळलेले होते. त्यातले काही लवकर फुगले, काही जागचे हललेच नाहीत. साका पुरेसा असलेल्या बॅचमध्ये जवळजवळ सगळे एकाच सुमाराला फुगले. अजून तापवल्यावर वायू कवचातून निसटला आणि ते पुन्हा आक्रसले. वापरायचं तापमान या दोन टोकांच्या मधलं, आणि कण एकसारखे असले तरच ते नेमकं सांगता येतं.