पॅराशूटवाल्यांची मानद समिती: लष्कराच्या भाकऱ्या कशा भाजतात

अमेरिकेत पॅराशूट इंजिनिअरिंग करणारी मंडळी मोजकीच आहेत. ह्यूस्टनचं नासाचं जॉन्सन केंद्र, पासाडेनाची नासाची प्रयोगशाळा जेपीएल, मॅसॅच्युसेट्समधलं लष्कराचं नॅटिक संशोधन केंद्र, अल्बुकर्कीची सँडिया प्रयोगशाळा, कॅलिफोर्नियात नौदलाचं चायना लेक केंद्र, अ‍ॅरिझोनातलं युमाचं चाचणी मैदान आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या कंपन्या. एका कामातला स्पर्धक दुसऱ्या कामात गिऱ्हाईक असतो, आणि तिसऱ्या कामात तोच समोरच्याच्या कंत्राटाचा परीक्षक. अशा लोकांना एका टेबलाशी बसवणाऱ्या समित्यांत कोणालाही पगार नसतो. दिवसाची नोकरी संभाळून उरलेल्या वेळात या लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि इथे लष्कर खरोखरचं असतं.

ठळक समित्या दोन ठिकाणी आहेत. पहिली एआयएएची, म्हणजे १९६३ साली दोन जुन्या संस्था एकत्र होऊन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ एरोनॉटिक्स अँड अ‍ॅस्ट्रोनॉटिक्सची 'एरोडायनॅमिक डिसेलरेटर सिस्टिम्स' (हवेच्या विरोधाने वेग कमी करणारी साधनं, म्हणजे मुख्यतः पॅराशूट) तांत्रिक समिती. तिचा भर संशोधन, परिषद, पुरस्कार आणि शिक्षणावर. दुसरी पॅराशूट इंडस्ट्री असोसिएशनची, म्हणजे पीआयएची. तिथे कापड, पट्ट्या, शिवण आणि चाचण्या यांची मानकं ठरतात. काम वेगळं असलं तरी डोकेदुखी बरीचशी सारखी.

एआयएएच्या तांत्रिक समित्यांमध्ये साधारण तीस-पस्तीस सदस्य असतात. अर्ज किंवा नामांकन १ नोव्हेंबरपर्यंत, मुदत पुढच्या १ मेपासून. नेमणूक एका वर्षाची. काम केलं तर आणखी दोनदा वाढते, आणि दरवर्षी साधारण एक तृतीयांश माणसं बदलतात. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात पस्तीसपैकी दहा-बारा जण काम करतात आणि बाकीच्यांना बायोडेटात एक ओळ हवी असते. यावर चालणारा उपाय म्हणजे प्रत्येक सदस्याला पहिल्याच बैठकीत नावानिशी एक काम आणि एक तारीख देणं. 'शिक्षण उपसमितीत मदत कर' असं सांगितलं तर काहीच होत नाही. 'विद्यार्थी निबंध स्पर्धेचे तीन परीक्षक १५ जानेवारीपर्यंत शोध' असं सांगितलं की होतं. वर्षभर काहीच न केलेल्याची मुदत वाढवायची नाही. हे अध्यक्षाला जड जातं, कारण तो माणूस बहुधा त्याच्या ओळखीचाच असतो.

अध्यक्षापेक्षा सेक्रेटरी चांगला मिळाला तर समिती तरते, असं माझं स्पष्ट मत आहे. इतिवृत्त लांबलचक नको. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढे तीन रकाने पुरे. ते बैठकीनंतर ४८ तासांत गेलं पाहिजे. आठवड्यानंतर गेलेलं इतिवृत्त कोणी उघडत नाही.

बैठकीची वेळ हा वेगळाच विषय. पूर्व किनाऱ्यावरचे सकाळी अकरा म्हणजे कॅलिफोर्नियात आठ, ब्रिटनमध्ये दुपारचे चार, जर्मनीत पाच आणि भारतात उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. सगळ्यांना थोडीथोडी गैरसोय करणारी ही वेळ सोयीची ठरते. घोटाळा मार्चमध्ये होतो. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत युरोपातल्यांसाठी बैठक तासभर आधी येते. शरद ऋतूत हाच प्रकार आठवडाभर. आमंत्रणात वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतही लिहिली तर निदान वाद होत नाही.

आता खरा कळीचा मुद्दा. या समितीचं सगळं वर्ष परवानग्यांभोवती फिरतं. सरकारी प्रयोगशाळेतल्या किंवा संरक्षण कंत्राटावरच्या इंजिनिअरला स्वतःच्या चाचणीचा आलेखसुद्धा मनाने बाहेर दाखवता येत नाही. संरक्षण खात्याच्या कागदावर 'डिस्ट्रिब्युशन स्टेटमेंट ए', म्हणजे सर्वांसाठी खुलं, असा शिक्का लागल्याशिवाय तो परिषदेत येत नाही. नासाची स्वतःची वेगळी प्रक्रिया आहे. कंपनीत वकील, निर्यात-नियंत्रण अधिकारी आणि गिऱ्हाईक अशा तिघांच्या सह्या. गोषवाऱ्याला एकदा आणि पूर्ण पेपरला पुन्हा. म्हणून वेळापत्रक उलटं मांडावं लागतं. परिषद मेच्या मध्यावर असेल तर पेपर एप्रिलच्या सुरुवातीला हवा, आणि परवानगीला सहा ते आठ आठवडे धरले तर लेखकाचा मजकूर जानेवारीअखेर पूर्ण झालेला हवा. स्वीकृतीची पत्रं जानेवारीच्या शेवटी पाठवणारी समिती स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते. ती डिसेंबरमध्येच गेली पाहिजेत. एआयएएचा नियम कडक आहे: पेपर नाही तर व्यासपीठ नाही, आणि व्यासपीठावर आला नाही तर पेपरही छापला जाणार नाही. त्यामुळे परवानगी अडकली की सत्रात अर्ध्या तासाचं भोक पडतं. प्रत्येक सत्राला एक राखीव वक्ता तयार ठेवणं हाच त्यावर इलाज.

भारतीय पासपोर्टवर इथे असलेल्यांनी हे नीट समजून घ्यावं. आयटार या निर्यात नियमांनुसार नियंत्रित तांत्रिक माहिती अमेरिकेच्या भूमीवर परदेशी नागरिकाला दाखवणं हीसुद्धा निर्यातच. एच-१बीवाला त्यात परदेशी धरला जातो, ग्रीन कार्डवाला नाही. समितीच्या शेअर्ड ड्राइव्हवर कोणी नियंत्रित फाइल टाकली आणि ती अशा सदस्याला उघडता येत असेल, तर ती फाइल टाकणारा अडचणीत येतो. म्हणून बैठकीच्या सुरुवातीला एक वाक्य वाचलं जातं की इथे फक्त खुली माहिती बोलायची. उद्योग संघटनेच्या बैठकीत आणखी एक वाचन असतं: किमती, बोली, बाजाराची वाटणी यावर चकार शब्द काढायचा नाही, कारण १८९० सालच्या शर्मन कायद्याखाली ते संगनमत ठरू शकतं. नवख्याला हा उपचार वाटतो. पण चहाच्या सुट्टीत कोणी 'यंदा नायलॉन कितीला पडलं?' असं विचारलं की जुनीजाणती माणसं विषय बदलतात, ते याच भीतीने.

गोषवारे तपासण्याचं गणित साधं आहे. साठ गोषवारे, प्रत्येकाला तीन परीक्षक, म्हणजे १८० परीक्षणं; तीस जणांनी वाटून घेतली तर प्रत्येकी सहा. सहापर्यंत माणूस मनापासून वाचतो, बाराच्या पुढे फक्त आकडे टाकतो. स्पर्धक कंपनीचा परीक्षक टाळता येत नाही इतकं हे क्षेत्र छोटं आहे, तेव्हा हितसंबंध जाहीर करायला लावायचे आणि टोकाचा गुण आला तर चौथ्याकडे द्यायचं.

तांत्रिक चुका मात्र दर वेळी त्याच त्या. सगळ्यात मोठा घोळ व्यासाचा. नॉमिनल व्यास कॅनॉपीच्या, म्हणजे पॅराशूटच्या कापडी छत्रीच्या, एकूण पृष्ठफळावरून काढतात, मधल्या व्हेंट या भोकासकट. हवेत फुगल्यावर दिसणारा प्रोजेक्टेड व्यास साध्या सपाट गोल कॅनॉपीत त्याच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी. नॉमिनलवर ०.७५ असलेला ड्रॅग (हवेचा विरोध) गुणांक प्रोजेक्टेडवर १.६च्या पुढे जातो. पेपरात नुसतं 'गुणांक ०.९' लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? मग हवेची घनता. अल्बुकर्कीसारख्या सुमारे १६०० मीटर उंचीच्या ठिकाणी ती समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी, त्यामुळे उतरण्याचा वेग ८ टक्क्यांनी जास्त. दुरुस्ती न करता दिलेला आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही. तिसरं, भार मोजण्याचा वेग. दोरे ताणले जातानाचा स्नॅच झटका काही मिलिसेकंदांचा असतो. सेकंदाला शंभर नोंदी घेणाऱ्या यंत्राच्या दोन नोंदींत दहा मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे झटक्याचं टोक मधल्या मधे निसटतं आणि पॅराशूट कागदावर उगाचच सौम्य दिसतं. किमान हजार नोंदी आणि फिल्टरची कटऑफ वारंवारता पेपरात हवीच. कापडाच्या हवा-पारगम्यतेचंही, म्हणजे कापडातून किती हवा आरपार जाते त्याचंही, तसंच. अमेरिकी चाचणी बहुधा १२५ पास्कल दाबावर होते, युरोपीय १०० किंवा २००वर, आणि एककंही वेगळी. प्रति चौरस फूट एक घनफूट प्रतिमिनिट म्हणजे प्रति चौरस मीटर ५.०८ लिटर प्रतिसेकंद. पण दाब वेगळा असेल तर नुसतं एकक बदलून तुलना होत नाही, आणि हे दर परिषदेत कोणाला तरी सांगावं लागतं. या सगळ्या व्याख्या एका पानावर लिहून लेखकांना आधीच पाठवल्या तर परीक्षकांचा निम्मा त्रास वाचतो.

मानकांच्या समितीत चूक महागात पडते. जून १९९४मध्ये संरक्षण मंत्री विल्यम पेरी यांनी लष्करी विनिर्देशांऐवजी शक्य तिथे उद्योगाची मानकं वापरायचा आदेश काढला, आणि पट्ट्या-कापडांचे कितीतरी विनिर्देश पुढे पीआयएकडे आले. नायलॉन पट्टीचा जुना एमआयएल-डब्ल्यू-४०८८ आता पीआयए-डब्ल्यू-४०८८ आहे. माणसांच्या पॅराशूटसाठी एफएए या अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाचा २०१२चा टीएसओ-सी२३एफ हा नियम पीआयएच्या टीएस-१३५ या मानकावर उभा आहे. त्यातली ताकदीची चाचणी कमाल वजनाच्या १.२ पट आणि कमाल वेगाच्या १.२ पट. वेगाचा वर्ग होतो, म्हणून ऊर्जा जवळजवळ १.७३ पट. यातला एक शब्द बदलायचा तर चाचणीचा डेटा कोणी द्यायचा इथेच गाडी अडते, कारण डेटा कंपनीच्या पैशाने झालेला असतो. नावं काढून, एका त्रयस्थाने एकत्र केलेला डेटा सगळे देतात. मतदानात विरोध करणाऱ्याने पर्यायी वाक्यच लिहून द्यायचं, नुसतं 'मान्य नाही' चालवून घ्यायचं नाही.

अशा समितीची गरज १९८०च्या दशकात नीट दिसली. काही गोल राखीव पॅराशूटांतली जाळी आम्लधर्मी निघाली आणि तिला लागून असलेलं नायलॉन कमकुवत होऊ लागलं. जाळी अनेक उत्पादकांनी वापरलेली, तेव्हा प्रश्न कोणा एकाचा नव्हता. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या दर्शकाने आम्ल ओळखायचं आणि कापड चिमट्यात धरून ठरावीक भाराने ओढून पाहायचं, ही पद्धत रिगरांना, म्हणजे पॅराशूट तपासून घडी घालणाऱ्यांना, सगळीकडे सारखीच करता यायला हवी होती. चिमट्यांची रुंदी वेगळी असेल तर तेच कापड एकाकडे पास होतं आणि दुसऱ्याकडे फाटतं.

परिषदेचा खर्च आणि उपस्थिती सरकारच्या मर्जीवर हेलकावे खाते. मे २०१२च्या आदेशानंतर एक लाख डॉलरवरच्या परिषद-खर्चाला खात्यातल्या वरिष्ठांची मंजुरी लागू लागली. २२ डिसेंबर २०१८पासून ३५ दिवस सरकार अंशतः बंद राहिलं, तेव्हा जानेवारीच्या एआयएए परिषदेला नासाचे बहुतेक लोक येऊ शकले नाहीत. हॉटेलशी करार करताना खोल्यांची हमी कमी धरायची आणि सरकारी वक्ते एकाच सत्रात कोंबायचे नाहीत, एवढं समितीच्या हातात असतं.

पॅराशूट-तज्ज्ञ थिओडोर क्नाके यांच्या नावाच्या एआयएए पुरस्काराला दर वेळी योग्य माणसं असतात, नामांकन भरणारं कोणी नसतं. शिफारसपत्रं लिहिणाऱ्यांचा पाठपुरावा हे एकाच सदस्याचं वर्षभराचं काम ठेवावं. अध्यक्ष बदलताना पासवर्ड, सदस्यांची मुदत-यादी, हॉटेलचे करार, मागच्या परीक्षणांचे गुण आणि अपूर्ण मतदानं एका फोल्डरमध्ये घालून उपाध्यक्षाकडे एप्रिलमध्येच द्यायची. १ मेनंतर जुना अध्यक्ष फोन उचलेलच असं नाही.